जामीनदाराचा सातबारा

"इतर हक्कात बोजा दिसतोय," म्हणत क्लार्कनं माझाच सातबारा माझ्याकडं परत सरकवला.

बोजा म्हणजे कर्जाची नोंद, गावात कर्ज देणाऱ्या सोसायटीची. ऊसाला दरवर्षी कर्ज उचलायचं आणि कारखान्याच्या बिलातून ते वळतं व्हायचं, हे आमच्याकडं वडिलांपासून चालत आलंय. करवीर तालुक्यात बोजा नसलेला उतारा शोधायचा म्हणजे मिसळीला तर्री नसलेलं हॉटेल शोधण्यातला प्रकार. पण हे कोर्टात बोलायचं नसतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. मागं बाकावर माझा भाचा हवालदाराशेजारी मान घालून बसला होता, आणि गणपती दोन दिवसांवर आले होते.

तारीख 25 ऑगस्ट 2025, वार सोमवार. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चाळीस-एक वर्षं भांडून मिळवलेलं बेंच, त्यामुळं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जो वकील भेटेल तो दुसऱ्या वकिलाशी त्यावरच बोलत होता. आमच्या वकिलांना मी भाबडेपणानं विचारलं, "मग आपली केस तिकडं जाईल काय?" ते हसले. "मामा, तुमच्या भाच्यानं स्कूटर धडकवलीय. तिकडं कशाला जातंय ते? इथंच मॅजिस्ट्रेटसमोर सगळं."

स्कूटर धडकवली होती 2024 च्या नोव्हेंबरात. संध्याकाळी रंकाळ्याच्या बाजूनं येताना रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना धक्का लागला, ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. भाचा पळून गेला नाही. रिक्षात घालून त्यांना सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, त्यानंच नेलं. एवढं एक बरं केलं म्हणायचं. तरी गुन्हा नोंदवला गेलाच, आणि तो बरोबरच आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याचं कलम 281 आणि निष्काळजीपणानं जबर दुखापत केल्याचं 125(ब). हाड मोडलं की दुखापत 'जबर' होते, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही कलमं जामीनपात्र. रात्री पोलीस ठाण्यातून बहिणीचा फोन आला. "दादा, मी इथं येऊन बसलोय, तू ये तसाच." (आमच्या कोल्हापुरी बायका 'बसलोय'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

ठाण्यात तासाभरात सुटका झाली. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो. त्यासाठी कोर्टापर्यंत जायला लागत नाही, ठाण्यातच अटक दाखवतात आणि तिथंच जामिनावर सोडतात. अंमलदारानं दोन कागद पुढं केले. एक भाच्याचा जातमुचलका, म्हणजे त्याची स्वतःची हमी. दुसरा माझा जामीनकदबा, म्हणजे जामीनदाराची हमी. अकरा वाजून गेले होते, पोटात अन्न नव्हतं, बहीण रडत होती. मी वाचलं नाही. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली, आधारची झेरॉक्स जोडली, आणि बाहेर येऊन तिघांनी गाडीवर अंडाबुर्जी खाल्ली. माझ्या लेखी विषय तिथंच संपला.

तो संपलेला नव्हता. त्या कागदावर, कोर्ट बोलावेल तेव्हा हा आरोपी हजर राहील, नाही राहिला तर मी सात हजार रुपये सरकारला देणं लागतो, असं लिहिलेलं होतं. ते मी पहिल्यांदा वाचलं नऊ महिन्यांनी, वकिलांच्या टेबलावर, चार्जशीटच्या नकलेत. "ही सही कुणाची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझीच. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, चलनावर दिवसातून पन्नास सह्या करायची सवय. पण त्या एका सहीनं मी नऊ महिने बांधलेला होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मधल्या काळात झालं ते असं. चार्जशीट कोर्टात गेलं, समन्स निघालं, आणि ते गेलं भाच्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर. खोली त्यानं मार्चमध्ये सोडलेली. पत्ता बदलल्याचं पोलिसांना कळवायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या फूड डिलिव्हरीच्या ॲपमध्ये मात्र नवा पत्ता त्याच दिवशी पडला होता. मग जामीनपात्र वॉरंट निघालं. त्या वॉरंटाच्या कागदावरच किती रकमेच्या जामिनावर सोडायचं आणि कोणत्या तारखेला हजर व्हायचं हे लिहिलेलं असतं, पोलीस तेवढं घेऊन सोडू शकतात. तेही जुन्या पत्त्यावरून परत. शेवटी अजामीनपात्र वॉरंट. ते बजावायला निघालेला हवालदार भला माणूस. त्यानं कुठून तरी बहिणीचा नंबर काढला आणि शुक्रवारी फोन केला. "सोमवारी सकाळी वकील घेऊन स्वतः हजर होऊ द्या. मला उचलून आणायला लावू नका. सण तोंडावर आहे."

शनिवार-रविवार आमच्या घरात वादात गेला. निपाणीचे दाजी म्हणाले, माझी चार एकर आहे, मी राहतो जामीन. बहिणीनं भिशी मोडून पंधरा हजार रुपये आणून ठेवले होते, कारण तिच्या समजुतीनं जामीन म्हणजे पैसे भरायचे. भाच्यानं मोबाईलवरच्या कुठल्या परदेशी मालिकेत बघून ठेवलेलं, की एजंटाला दहा टक्के दिले की तो सोडवून नेतो. ते अमेरिकेत. तिथं त्याचा परवानाधारक धंदा चालतो, आणि ते दहा टक्के परत मिळत नाहीत. आपल्या कायद्यात असला धंदा नाही. इथं जामीनदार म्हणजे ओळखीचा माणूस, आणि त्यानं ते पैसे घेऊन करायचं नसतं.

मी गप्प होतो. माझ्या डोक्यात वडील होते. गावातल्या एकाला पतसंस्थेत जामीन राहिले आणि तो मुंबईला निघून गेला. वसुलीवाले आमच्या दारात आले, तेव्हा मी नववीत होतो. म्हैस विकली. त्या दिवसापासून आमच्या घरात चहा कोरा व्हायला लागला आणि वडिलांचं एक वाक्य पक्कं झालं, "उपाशी राहा, पण जामीन राहू नको."

वकिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मामा, तो कर्जाचा जामीन. त्यानं बुडवलं की तुम्ही भरायचं. हा वेगळा. उद्या भाच्याला दंड झाला, तो त्यानं भरला नाही, तर तुमच्याकडं कुणी येणार नाही. त्या आजोबांना भरपाई द्यायची झाली तरी तुमच्याकडं येणार नाही. तुमची हमी एवढीच, की तो तारखेला येईल. तो आला नाही तरच तुमच्याकडं नोटीस. तेव्हाही आधी तुमचं म्हणणं ऐकून घेतात, रक्कम कमीसुद्धा करतात." मग थोडं थांबून म्हणाले, "नाहीच भरली आणि वसूलही झाली नाही, तर मात्र सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. लपवून ठेवत नाही."

दिवाणी का असेना, कैद ती कैद. तो आवंढा गिळून मी सोमवारी सातबारा घेऊन निघालो.

सकाळी अकराला भाचा न्यायाधीशांपुढं उभा राहिला. अर्ज दोन: एक वॉरंट रद्द करण्याचा, दुसरा जामिनाचा. जामीनपात्र गुन्हा, म्हणजे मिळणारच, या भरवशावर मी होतो. पण एकदा बॉण्ड देऊन तारखेला न येणाऱ्याचा तो हक्क ढिला होतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 मध्येच दुसऱ्या पोटकलमात तसं लिहिलंय, कोर्ट त्याला जामीन नाकारू शकतं. शिवाय जामिनावर सुटून विनाकारण गैरहजर राहणं हा स्वतंत्र गुन्हा, त्याला एक वर्षापर्यंत कैद. न्यायाधीश बाईंनी भाच्याला एकच प्रश्न विचारला. "राहत होतात ते घर सोडलंत, तर कोर्टाला कसं कळणार?" भाचा "सॉरी मॅडम" म्हणाला. वकिलांनी त्याला कोपरानं ढोसलं, पण बाई रागावल्या नाहीत. नवा पत्ता भाडेकरारासकट दाखल करून घेतला, वॉरंट रद्द करताना थोडा दंड लावला आणि आदेश दिला: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार.

बहिणीनं लगेच पर्समधला पुडका काढला. वकील म्हणाले, "ताई, ठेवा आत. जामिनासाठी आत्ता एक रुपया भरायचा नाही." तिला ते पटेना. पंधरा हजारांचा जामीन म्हणजे पंधरा हजार नकोत? जातमुचलका म्हणजे भाच्यानं स्वतः लिहून द्यायचं, मी आलो नाही तर पंधरा हजार देणं लागतो. जामीनदारानं लिहून द्यायचं, तो आला नाही तर मीही तेवढे देणं लागतो. दोन्हीही वचनंच. फक्त माझं वचन खरं मानायला माझ्याकडं पंधरा हजारांची ऐपत आहे हे दाखवणारा कागद लागतो. म्हणून सातबारा.

आणि म्हणून तो बोजा.

क्लार्क काही अडवणूक करत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. उतारा माझ्या आणि थोरल्या भावाच्या नावावर सामाईक. त्यात माझा हिस्सा किती, दिसत नाही. त्यावर नव्वद हजारांचा बोजा. जमिनीची किंमत किती, तेही सातबाऱ्यावर नसतं. "आठ-अ आणलाय का? घरफाळ्याची पावती? तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला?" मी पंधरा रुपये भरून मोबाईलवर काढलेला डिजिटल सहीचा सातबारा घेऊन गेलेलो, बाकी काही नाही. रेशनकार्ड, आधार आणि दोन फोटो होते. वकिलांच्या निरोपात 'सातबारा आणा' एवढंच होतं आणि मी तेवढंच केलं. वर्कशॉपला कुणी अर्धवट ड्रॉइंग आणलं तर मी त्याला चार प्रश्न विचारतो. इथं मात्र विचारलं नाही.

मी बाहेर येऊन कागद फेकल्यासारखा चहाच्या गाडीच्या फळीवर टाकला. पाऊस बारीक लागला होता. शेजारी पांढरी टोपी घातलेला एकजण आला. कागदाकडं बघूनच त्याला कळलं असावं.

"जामीनदार लागतोय काय पावणं? कागद सगळं पक्कं हाय. दोन हजार. पाच मिनिटात सही."

खोटं कशाला बोलू, मी अर्धा मिनिट विचार केला. साडेचारनंतर पैसे भरायची खिडकी बंद, पाचनंतर भाच्याची रवानगी कोठडीत, आणि मग बुधवारी गणपतीची सुट्टी. कोल्हापुरात 'कळंबा' म्हटलं की पुढं 'जेल' म्हणायला लागत नाही. स्कूटरच्या धक्क्यापायी पोरगं कळंब्याला जायचं? पण त्या माणसाच्या हातातलं रेशनकार्ड बघितलं. इतकं वापरलेलं होतं की घडीवर फाटून सेलोटेप लावला होता. रेशन आणून कार्ड एवढं फाटत नाही.

वकिलांना सांगितलं तर ते तडकले. "जामीनदाराला लिहून द्यावं लागतं, आपण आणखी किती जणांना जामीन आहोत ते. हा काय लिहिणार? आणि खोटं निघालं की जामीन आपला रद्द, वर त्याच्यावर गुन्हा, आणि त्याला आणला कुणी म्हणून चौकशी तुमची."

मग दाजींचा विषय निघाला. निपाणी चाळीस किलोमीटर, पण जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. दाजी हिरिरीनं म्हणाले, "मी परका हाय व्हय?" वकिलांनी त्यांना मोतीरामची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशातला गवंडी. मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मॅजिस्ट्रेटला चांगलंच सुनावलं, आणि त्या गवंड्याला हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या बॉण्डवर सोडायला सांगितलं. दाजींचा चेहरा उजळला. "मग?" वकील घड्याळ दाखवत म्हणाले, "मग काय, कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण तुमच्या उताऱ्याची खातरजमा निपाणीतनं करून आणायची म्हणजे दिवस जाणार. आज वाद जिंकायचाय का पोरगं सोडवायचंय?"

त्यांनी तिसरी वाट काढली. जामीनदाराचे कागद पुरे करायला मुदत मागायची आणि तोवर तात्पुरता रोख जामीन. म्हणजे पंधरा हजार रुपये कोर्टात जमा करायचे, आरोपी आज सुटतो, आणि नंतर जामीनदार दिला की पैसे परत. बहिणीनं माझ्याकडं असं बघितलं, की तिची भिशी मोडणं शेवटी शहाणपणाचंच ठरलं.

अर्ज लिहिला, स्टॅम्प लावला, आत गेला. चार वाजून पाच मिनिटांनी मंजूर. दोन आठवड्यांची मुदत. मग नाझरच्या, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याच्या, खिडकीकडं धाव. तिथं आमच्यापुढं तिघं. नोटा मोजताना बहिणीचे हात थरथरत होते म्हणून मी मोजल्या, आणि दोनदा चुकलो. चार पंचवीसला पावती हातात आली. पावती भाच्याच्या नावावर. पैसे कुणाचेही असोत, भरतो आरोपी, असा हिशेब. "ही पावती देवघरात ठेवा," वकील म्हणाले, "मूळ पावतीशिवाय परताव्याला फार त्रास होतो."

पावती घेऊन वर येताना बाकावर एक माणूस दिसला, जो सकाळपासून तिथंच होता. पन्नाशीचा, पायात प्लास्टिकच्या चपला, कुठंतरी मजुरीला आलेला असावा. त्याच्याजवळ कुणी नव्हतं. ना बहीण, ना दाजी, ना भिशी. त्याचा गुन्हा आमच्याहून किरकोळ होता म्हणे, पण जामीन राहायला माणूस नाही. मी वकिलांना विचारलं, याचं काय होणार? ते म्हणाले, कायद्यात आहे त्याची सोय. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीब आहे असं धरायचं आणि जातमुचलक्यावर सोडायचं. "पण हे कोर्टाला सांगायला कुणीतरी लागतं ना," असं पुटपुटत ते गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीकडं गेले आणि तिथल्या एका तरुण वकीलबाईंना घेऊन आले. पुढं काय झालं ते बघायला मी थांबलो नाही. आमचं पोरगं सुटलं होतं. हे लिहिताना त्याची थोडी लाज वाटतेय.

घरी जाताना कुंभार गल्लीच्या तोंडाशी मूर्ती नेणाऱ्यांची ही गर्दी. ढोल, ताशा, पाऊस. भाचा मागं बसलेला, एक अक्षर बोलला नाही. गाडी मी चालवत होतो, हे सांगायला नको.

गणपती गेल्यावर दुसऱ्यांदा कोर्टात गेलो तो पिशवीभर कागद घेऊन. आठ-अ, शहरातल्या घराची घरफाळ्याची पावती, सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला (बोजा भरून कमी करून घेतला, तसाही भरायचाच होता), प्रतिज्ञापत्र, फोटो. क्लार्क तोच. या वेळी त्यानं घरफाळ्याची पावती बघितली आणि सातबारा उघडलाही नाही. एवढ्यासाठी मी तलाठ्याकडं तीन हेलपाटे घातले होते.

मग न्यायाधीशांपुढं उभं केलं. आरोपीला किती वर्षं ओळखता? जन्मल्यापासून. काय नातं? मामा. आणखी कुणाला जामीन आहात का? नाही. तो हजर राहिला नाही तर रक्कम भरावी लागेल, समजलंय का? या प्रश्नाला मी "होय" म्हणायच्या आधी एक क्षण थांबलो, आणि बाईंनी मान वर करून बघितलं. होय म्हणालो. जामीनकदबा आता मी अथपासून इतिपर्यंत वाचून सही केला. रेशनकार्डाच्या मागं शिक्का बसला, खाली खटल्याचा नंबर निळ्या शाईनं.

पंधरा हजार परत मिळायला मात्र वेळ लागला. पुन्हा अर्ज, मूळ पावती, भाच्याचं पासबुक. दसरा झाला, दिवाळी झाली, तेव्हा पैसे जमा झाले, आणि ते भाच्याच्या खात्यात. त्यातनं बहिणीची भिशी वसूल करणं हा कोर्टाबाहेरचा वेगळा खटला.

वकिलांनी जाता जाता एक गोष्ट कानात सांगितली होती. जामीनदाराला कधीही कोर्टात अर्ज देता येतो, मला मोकळं करा. मग कोर्ट आरोपीला वॉरंट काढून बोलावतं, आणि त्यानं दुसरा जामीनदार आणायचा, नाहीतर आत जायचं. हे मी भाच्याला एकदाच सांगितलं, जेवताना, आवाज न चढवता. तेव्हापासून तो प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री स्वतःहून फोन करतो. तारखेच्या दिवशी दुपारीही करतो. "मामा, पुकारा झाला. साक्षीदार आला नाही. पुढची तारीख." मी लेथच्या मागं टांगलेल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. तिथं आधी फक्त एलआयसीचा हप्ता आणि गॅसचा नंबर असायचा.

परवा वर्कशॉपमधला एक पोरगा चाचरत पुढं आला. भावाचं गल्लीत भांडण झालंय, दादा, जामीन लागतोय. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "भाऊ राहतो कुठं? घर स्वतःचं का भाड्याचं?"